आघाडीची फळी आणि खेळाडूचे मोल : प्रस्तावना

धनराज पिल्ले यांनी भारताकडून एकूण किती गोल केले, या प्रश्नाचे अधिकृत उत्तर नाही. खडकीच्या मातीच्या मैदानावर तयार झालेला हा आघाडीपटू चार ऑलिंपिक खेळला, चार विश्वचषक खेळला, चार आशियाई स्पर्धा आणि चार चॅम्पियन्स ट्रॉफी खेळला. आंतरराष्ट्रीय सामने तीनशेच्या वर. सामने मोजलेले आहेत. गोल मोजलेले नाहीत, कारण त्या काळात भारतीय हॉकी महासंघाने त्यांचा हिशेबच ठेवला नाही. ही गोष्ट पारतंत्र्यातली नव्हे. १९८९ ते २००४ या काळातली, म्हणजे घरोघरी टीव्ही पोहोचल्यानंतरची आहे. त्याच वर्षांत क्रिकेटमधल्या अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाची एकेक धाव छापून येत होती.

संघखेळात कोणाला कोणाबरोबर खेळवावे आणि त्यातल्या प्रत्येकाचे मोल किती धरावे, या विषयाच्या दारात आपण उभे आहोत, तेव्हा हे आधी सांगितलेले बरे. बाहेरच्या देशांत या अभ्यासाला चांगले दिवस आले आहेत. गणिताचे पदवीधर क्लबांत नोकरीला लागतात. आपल्याकडे अजून वहीपासून सुरुवात आहे. माझ्या मते हे वाईट नाही. ज्याला स्वतः वही आखावी लागते त्याला काय मोजायचे याचा विचार आपसूक करावा लागतो. तयार आकडे हाती आलेला माणूस तो विचार करतोच असे नाही.

पुढची पाने मी मुख्यतः आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी वाचकासाठी लिहिली आहेत : बेला, जैनथ, तामसी या बाजूच्या शाळांतले पीटी सर, गणिताच्या बाई, आणि मैदानाच्या कडेला उभे राहून संघनिवडीवर तावातावाने बोलणारी पोरे. पैनगंगेच्या अलीकडे राहून मराठीत शिकणाऱ्या मुलांना या विषयावरचे पुस्तक ना नागपूरहून येते, ना हैदराबादहून. उदाहरणे हॉकीची घेतली, कारण आघाडीच्या फळीचा प्रश्न तिथे सर्वांत उघडा दिसतो. ज्यांच्या गावात कबड्डीच आहे त्यांनीही नाराज होऊ नये. पकडीचा गुण कागदावर एकाच्या नावावर पडतो आणि साखळी चौघांची असते, हे त्यांना सांगायला नको. आपला प्रश्न तोच आहे.

आता मूळ मुद्दा. खेळाडूचे मोल त्याच्या एकट्याच्या अंगात नसते. तो कोणाच्या शेजारी उभा आहे, मागून चेंडू कोण देतो आणि समोर कोण आहे, यावर ते ठरते. बोलताना सगळेच हे मान्य करतात. निवडीच्या वेळी मात्र गोलांचा रकाना उघडतात आणि वरून नावे उचलतात. या दोन्हींमधले अंतर कमी करणे, एवढेच या शास्त्राचे काम.

१९३६ चे बर्लिन घेऊ. ध्यानचंद कर्णधार, धाकटा भाऊ रूपसिंग डावीकडे इनसाइडला. संघात काही कमी असेल असे कोणाला वाटले नसते. ऑलिंपिकपूर्वी १७ जुलैला जर्मनीशी सरावाचा सामना झाला आणि भारत ४-१ ने हरला. त्या रात्री वरिष्ठ खेळाडू बसले. आपण कमी पडलो असे मोघम म्हणून ते उठले नाहीत. त्यांनी जागा शोधली. इनसाइड राइट. तिथे अली दारा हवा, असे ठरले आणि त्याला पाठवा म्हणून भारतात तार गेली. दारा विमानाने आला तो थेट उपांत्य सामन्याच्या तोंडावर. फ्रान्सवर १०-० आणि मग १५ ऑगस्टला अंतिम सामन्यात त्याच जर्मनीवर ८-१. शहाबुद्दीन, दारा, ध्यानचंद, रूपसिंग, जाफर अशी ती पाच जणांची आघाडीची फळी. आणि दारा-शहाबुद्दीन या उजव्या जोडीच्या मागे राइट हाफला होते आपले खडकीचे बाबू निमल. आघाडीची चर्चा करताना हाफला विसरण्याची सवय जुनी आहे. उजव्या बाजूला चेंडू पोहोचल्याशिवाय दाराची हुशारी कुठे दिसणार होती?

या गोष्टीवर थांबून विचार करण्यासारखे बरेच आहे. त्या रात्रीच्या बैठकीत जे झाले ते आजच्या भाषेत उत्तम विश्लेषण होते : कोण वाईट खेळला याऐवजी कोणती जोडणी तुटली असे विचारले गेले. ध्यानचंद तेच होते, रूपसिंगही तेच. एक दुवा बदलला. पण इथेच अभ्यासकाने स्वतःचा हात धरायला हवा. एक दारा आला आणि उणे तीनचे अधिक सात झाले, तेव्हा दाराचे मोल दहा गोल, असा हिशेब कोणी मांडला तर त्याला नम्रपणे बसवावे. सराव सामना बर्लिनला पोहोचून चार दिवस होतात न होतात तोच झाला होता. अंतिम सामना पावसामुळे एक दिवस पुढे गेला होता, मैदान वेगळ्या अंगाचे होते. दाराआधीचे तीन सामनेही भारताने हंगेरीवर ४-०, अमेरिकेवर ७-० आणि जपानवर ९-० असे जिंकलेच होते. दाराने फरक पडला, हे मला पटते. किती पडला, हे दोन सामन्यांवरून सांगता येत नाही. आणि त्या अंतिम सामन्यात खुद्द ध्यानचंद यांचे गोल किती? काही ठिकाणी तीन लिहिलेले सापडतात, काही ठिकाणी सहा. जगातल्या सर्वांत गाजलेल्या हॉकी सामन्यांपैकी एकाची ही अवस्था.

समोर कोण होते, हा दुसरा धडा. १९३२ च्या लॉस एंजलिसमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ ने हरवले. रूपसिंग १०, ध्यानचंद ८, गुरमितसिंग ५, पिनिगर १. या आकड्यांवरून रूपसिंग थोरल्या भावापेक्षा सरस ठरतो का? त्या स्पर्धेत संघच तीन होते आणि यजमानांची हॉकी नवखी होती. आदिलाबादच्या कापूस बाजारात गाडी काट्यावर चढली म्हणजे हिशेब संपला असे होत नाही. ओलावा पाहतात, तो आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव उतरू लागतो. गोलांचेही ओलावा पाहूनच वजन धरायचे. दुबळ्या संघावरच्या दहा गोलांतून किती वजा करायचे, याची रीत पुस्तकाच्या मधल्या भागात दिली आहे. ती अवघड नाही, फक्त कंटाळवाणी आहे : प्रत्येक प्रतिस्पर्ध्याने एरवी किती गोल खाल्ले ते शोधायचे आणि त्याच्याशी ताडून पाहायचे.

जुन्या काळातून आता पॅरिसकडे येऊ, कारण आघाडीपटूचे मोल गोलांनी मोजणाऱ्यांची खरी पंचाईत तिथे होते. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये भारताने कांस्य जिंकले. आठ सामने, पंधरा गोल. त्यातले दहा गोल कर्णधार हरमनप्रीतसिंगचे, आणि हरमनप्रीत बचावफळीत खेळतो. एक विवेक सागर प्रसादचा, तो मधल्या फळीतला. उरलेले चार आघाडीच्या फळीचे : अभिषेकचे दोन, मनदीपचा एक, सुखजीतचा एक. आठ सामन्यांत सगळ्या आघाडीचे मिळून चार गोल! गोलांचा रकाना पाहून निवड करायची तर आघाडीची फळी घरी पाठवून दोन बचावपटू वाढवावेत, असे उत्तर निघेल.

उत्तर हास्यास्पद आहे, म्हणजे रकाना चुकला आहे. हरमनप्रीतचे दहाही गोल पेनल्टी कॉर्नर किंवा पेनल्टी स्ट्रोकवर आले. पेनल्टी कॉर्नर आभाळातून पडत नाही. कोणीतरी चेंडू घेऊन डीमध्ये घुसतो, समोरच्याच्या पायावर चेंडू आदळवतो किंवा त्याला चूक करायला लावतो, तेव्हा पंच हात दाखवतात. मग एक जण चेंडू आत ढकलतो, एक थांबवतो, आणि हरमनप्रीतची ड्रॅग फ्लिक जाते. टाळ्या शेवटच्याला. पुस्तकात नाव शेवटच्याचे. पहिल्याचे नाव गुणफलकावर तर नसतेच, सामन्याच्या बातमीतही क्वचित असते. म्हणून आघाडीपटूच्या नावापुढे पहिला रकाना हवा तो ‘मिळवलेले कॉर्नर’ हा. माझा तर आग्रह आहे की शालेय स्पर्धेच्या स्कोअरशीटवरही तो असावा.

दुसरा रकाना डीतल्या प्रवेशांचा. हॉकीत मैदानी गोल ग्राह्य धरायला चेंडूला आक्रमकाची काठी डीच्या आत लागावी लागते. ते वर्तुळखंड गोलखांबांपासून १४.६३ मीटरवर आखलेले असते. त्या रेषेच्या आत शिरल्याशिवाय काहीच घडत नाही. एका सामन्यात गोल दोन-तीन होतात, प्रवेश वीस-पंचवीस होऊ शकतात. मोजणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. गोल इतके थोडे असतात की त्यात नशिबाचा वाटा ओळखता येत नाही : खांबाला लागून आत गेला की बाहेर, एवढ्यावर निवड फिरते. प्रवेश पुरेसे होतात, त्यामुळे नशीब थोडे तरी समसमान वाटले जाते.

पण प्रवेश कोणी केला हे कळून भागत नाही. तेव्हा मैदानात कोण कोण होते हेही लागते. इथे आपल्याला बर्फावरच्या हॉकीकडून शिकता येईल. तो खेळ आपल्या डोळ्यांना परका आहे. आदिलाबादच्या मे महिन्यात त्याचे नाव काढले तरी गारवा वाटावा. त्यात गोलरक्षक सोडून पाच जण : तिघे आघाडीला, दोघे बचावाला. संघ सहसा बारा आघाडीपटू घेऊन उतरतो आणि त्यांची तिघातिघांची चार त्रिकुटे करतो. एकेक त्रिकूट मिनिटभराच्या आत दमून बाहेर येते, दुसरे उतरते. बारा जणांची चार त्रिकुटे किती प्रकारे पाडता येतील? १५,४०० प्रकारे. प्रशिक्षकाची झोप का उडते ते यावरून समजावे.

या लोकांनी १९५० च्या दशकात, मॉन्ट्रियलच्या संघापासून, एक साधी युक्ती वापरायला सुरुवात केली. आपल्या संघाने गोल केला की त्या क्षणी मैदानात असलेल्या प्रत्येकाला अधिक एक. गोल खाल्ला की प्रत्येकाला उणे एक. गोल कोणी मारला याच्याशी संबंध नाही. उत्तर अमेरिकेतल्या राष्ट्रीय लीगने १९६७-६८ पासून हा हिशेब अधिकृत केला. युक्ती छान आहे, कारण तिच्यात न दिसणाऱ्या कामाला जागा मिळते : माणूस ओढून नेणारी धाव, योग्य वेळी परत येणे, चेंडू गमावताक्षणी मागे लागणे.

तिच्यातली खोटही लवकरच दिसली. उत्तम सोबती मिळालेला साधा खेळाडू अधिकात जातो, दुबळ्या संघातला चांगला खेळाडू उण्यात. याचे सर्वांत मजेशीर उदाहरण व्हँकूव्हरच्या सेदीन बंधूंचे. हेन्रिक आणि डॅनियल, स्वीडनचे जुळे भाऊ, वर्षानुवर्षे एकाच त्रिकुटात खेळले. २००९-१० मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गुण हेन्रिकचे, २०१०-११ मध्ये डॅनियलचे. आता यातल्या कोणाचे मोल किती? दोघे सतत बरोबर असतील तर जगातले कोणतेही गणित त्यांना वेगळे काढू शकत नाही. वेगळे काढायचे तर ते वेगळे खेळलेले क्षण लागतात. एक दुखापतीने बाहेर होता, दुसरा इतरांबरोबर उतरला, असे. या अभ्यासातली सगळी अवजड समीकरणे शेवटी अशाच क्षणांवर उभी असतात. एखादा आकडेशास्त्री दहा दशांश स्थळांपर्यंत उत्तर देऊ लागला तर त्याला एवढेच विचारावे : हे दोघे एकमेकांशिवाय किती मिनिटे खेळले?

आपल्या मैदानी हॉकीत हा विचार पूर्वी लागू पडत नव्हता, कारण फळी एकदा उतरली की बहुधा तीच संपूर्ण सामना खेळत असे. १९९० च्या दशकात कितीही वेळा बदली करण्याची मोकळीक मिळाली, त्याच दशकात ऑफसाइड गेला, पुढे पंधरा मिनिटांची चार सत्रे आली. आज आघाडीपटू काही मिनिटे जीव तोडून धावतो, बाहेर येतो, पाणी पितो आणि पुन्हा जातो. त्यामुळे एकाच सामन्यात अनेक त्रिकुटे तयार होतात आणि मोडतात. प्रशिक्षकासाठी ही डोकेदुखी, अभ्यासकासाठी मेजवानी. पेनल्टी कॉर्नर दिला गेल्यापासून तो संपेपर्यंत मात्र बदली करता येत नाही. म्हणजे कॉर्नर मिळतो त्या क्षणी कोण मैदानात सापडले, यालाही मोल आहे.

मेजवानीत ताट किती भरते ते पाहू. संघात सात आघाडीपटू आहेत आणि एका वेळी तिघे खेळतात असे धरले, तर ३५ त्रिकुटे होतात. ऑलिंपिकसारख्या स्पर्धेत शेवटपर्यंत गेलेल्या संघाला आठ सामने, म्हणजे ४८० मिनिटे मिळतात. सर्व त्रिकुटांना सारखी वाटली तर प्रत्येकाला चौदा मिनिटेही येत नाहीत. चौदा मिनिटांत एखाद्या त्रिकुटाची पारख करणे म्हणजे निव्वळ धाडस. म्हणून शहाणा अभ्यासक त्रिकुटाला थेट हात घालत नाही. आधी सात जणांचे प्रत्येकी एक मोल काढतो, मग ज्या दोन-चार जोड्या बरोबर खूप खेळल्या त्यांच्यात बेरजेपेक्षा काही जास्त किंवा कमी दिसते का ते तपासतो. जास्त दिसणे हे सर्वांना आवडते. कमी दिसणे अधिक शिकवते. चेंडू पायाशी ठेवून दोघातिघांना चकवणारे दोन खेळाडू एकाच फळीत आले की एक जण नुसता पाहत राहतो. चेंडू तर एकच असतो.

थोड्या मिनिटांचा आकडा कसा हाताळावा, हे एका बनावट पण शक्य कोटीतल्या उदाहरणाने दाखवतो. समजा तुमच्या शाळेचा संघ हंगामात २४० मिनिटे खेळला. त्यातली २४ मिनिटे एक विशिष्ट त्रिकूट मैदानात होते आणि त्या वेळात डीमध्ये ९ प्रवेश झाले. उरलेल्या २१६ मिनिटांत ५४. दर दहा मिनिटांचा हिशेब केला तर त्रिकुटाचे पावणेचार, एरवीचे अडीच. फरक डोळ्यात भरतो. आता उलट बाजूने पाहा : एरवीच्या वेगाने २४ मिनिटांत ६ प्रवेश झालेच असते, आणि सहाच्या जागी कधी चार, कधी आठ-नऊ, हे काहीही विशेष नसताना घडते. म्हणजे नऊमध्ये गुण किती आणि योग किती, हे अजून ठरलेले नाही. यावर तोडगा असा. त्या त्रिकुटाच्या २४ मिनिटांत आणखी ४८ मिनिटे एरवीच्याच खेळाची मिसळा, म्हणजे १२ प्रवेश. एकूण ७२ मिनिटांत २१ प्रवेश. दहा मिनिटांना साधारण २.९. पावणेचारचे २.९ झाले. त्रिकूट अजूनही सरस दिसते, पण जमिनीवर आले. ४८ च का, ६० का नाही, हा रास्त प्रश्न आहे आणि त्यासाठी एक पूर्ण प्रकरण दिले आहे. घाई असलेल्याने एवढे लक्षात ठेवले तरी चालेल की वेळ जितका थोडा, तितका आकडा सरासरीकडे जास्त ओढायचा. आणि खेळाडूंच्या पालकांसमोर तो ओढलेलाच आकडा वाचायचा.

वही कशी दिसते? उदाहरणादाखल एक तुकडा : ‘७:४०, आघाडीला ३, ९, ११. ९:१५, प्रवेश उजवीकडून, ११ चा पास, ९ चा फटका, कीपरने पायाने अडवला. ११:०५, ३ बाहेर, १४ आत. १२:३०, १४ डीत शिरला, समोरच्याच्या पायाला लागला, कॉर्नर.’ चार ओळी. लिहायला एक मुलगा पुरतो, पण घड्याळ दुसऱ्याकडे द्यावे. लिहिताना मान खाली जाते आणि नेमकी तेव्हाच बदली होते. आपल्याकडे मैदानाचीही एक ओळ लिहावी लागते. काळ्या जमिनीवर उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात चिखल; मुरूम टाकलेल्या मैदानावरही चेंडू वेडावाकडा उसळतो. अशा मैदानावर लांब पासपेक्षा काठीला चिकटवून नेणारा खेळाडू मोठा दिसतो. तोच हैदराबादच्या टर्फवर ट्रायलला गेला की पासवर खेळणारा त्याच्या पुढे निघतो. १९७६ च्या मॉन्ट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि भारत सातवा आला, त्यामागे हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर होती. मुलाला टर्फवर गेल्यावर नालायक ठरवण्यापूर्वी वहीत मैदान कोणते होते ते पाहावे.

बाजार काय भाव लावतो, हेही थोडे पाहू. २०२४ च्या ऑक्टोबरात हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला. सर्वांत महाग हरमनप्रीत, ७८ लाख. त्याच्या मागोमाग अभिषेक, ७२ लाख. हैदराबादच्या संघाने अर्जेंटिनातून येऊन पुढे जर्मनीकडून खेळणारा ड्रॅग फ्लिकर गोन्झालो पेइयात ६८ लाखांना घेतला. पॅरिसचे दहा गोल आणि दोन गोल यांच्या किमतीत फरक फक्त सहा लाखांचा. मला हे शहाणपणाचे वाटते. बोली लावणाऱ्यांनी वर सांगितलेली समीकरणे सोडवली होती की नाही, ते बाजूला राहू दे. कॉर्नर मारणारा हवा आणि कॉर्नर मिळवणाराही हवा, एवढे त्यांना उमजले होते.

अनुपस्थितीवरून मोल काढण्याचा मोह सर्वांत मोठा, म्हणून त्याचाही इशारा देतो. पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले. उरलेली त्रेचाळीस मिनिटे भारत दहा जणांनिशी खेळला, १-१ अशी बरोबरी राखली आणि शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकला. पुढच्या सामन्यात रोहिदासवर बंदी होती आणि जर्मनीने ३-२ ने हरवले. पहिल्या सामन्यावरून म्हणावे की तो नसला तरी चालते. दुसऱ्यावरून म्हणावे की तो नव्हता म्हणून एक गोल जास्त खाल्ला. दोन्ही वाक्ये दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ऐकू आली असतील. दोन्हींना आधार एकेका सामन्याचा. रोहिदास पेनल्टी कॉर्नरवर फ्लिकरच्या अंगावर पहिली धाव घेणारा माणूस. त्याचे मोल काढायचे तर तो असताना आणि नसताना खाल्लेल्या कॉर्नरचे काय झाले, हे अनेक सामन्यांतून पाहावे लागेल. तेवढी चिकाटी असेल तरच त्या वाटेला जावे.

मोजता न येणारे काही उरते का? उरते. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत धनराज कर्णधार होते, आघाडीला त्यांच्याबरोबर हैदराबादचे मुकेशकुमार आणि बलजितसिंग ढिल्लाँ. दक्षिण कोरियाशी १-१ बरोबरी, मग स्ट्रोकवर ४-२, आणि १९६६ नंतर बत्तीस वर्षांनी सुवर्ण. धनराज आणि मुकेश इंडियन एअरलाइन्सकडूनही एकत्र खेळत, तेव्हा एकाची मान कुठे वळली की दुसऱ्याने कुठे पळायचे हे ठरलेले असणार. या समजुतीला संघात सगळे जण एक नाव देतात, ‘ताळमेळ’, आणि तिथेच विचार थांबवतात. माझे म्हणणे असे की ताळमेळही बराचसा मोजता येतो : या दोघांमधले किती पास पूर्ण झाले, न पाहता दिलेले किती पोहोचले, एकाने मोकळी केलेली जागा दुसऱ्याने किती वेळा घेतली. आदिलाबादच्या एखाद्या संघात एक मुलगा घरी मराठी बोलतो, दुसरा तेलुगू, तिसरा गोंडी, चौथा उर्दू. मैदानात हाक कोणत्या भाषेत जाते, आणि ती कळायला किती वेळ लागतो, हासुद्धा ताळमेळाचाच भाग आहे. त्यावर काम झालेले माझ्या वाचनात नाही. ते करायला या जिल्ह्याइतकी योग्य जागा क्वचित सापडेल.

वाचणाऱ्याने पुस्तक क्रमाने वाचावे असा माझा हट्ट नाही. गणिताची धास्ती असेल त्याने नोंदींचे प्रकरण आधी वाचावे आणि एक हंगाम वही भरावी. आकडेमोड नंतर आपोआप गोड लागते. गणिताची आवड असेल त्याने उलट करू नये, म्हणजे मैदान न पाहता आकड्यांना हात घालू नये. मुलींच्या संघांची नोंद मुलांइतक्याच काळजीने ठेवावी. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतीय महिलांनी ऑस्ट्रेलियाला १-० ने हरवले तो एकमेव गोल गुरजित कौरने पेनल्टी कॉर्नरवर मारला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो कॉर्नर मिळवला कोणी, हे विचारून पाहा, किती जण सांगतात ते कळेल.

एक विनंती करून थांबतो. या हंगामात तुमच्या शाळेचा किंवा मंडळाचा संघ जिथे उतरेल तिथे बाकीचे काही जमले नाही तरी एक गोष्ट लिहून ठेवा : कोणता खेळाडू कितव्या मिनिटाला आत गेला आणि कितव्या मिनिटाला बाहेर आला. गोल, कॉर्नर, पास हे चित्रफितीतून किंवा लोकांना विचारून कधीतरी जुळवता येतात. शाळेच्या सामन्यात बदलीची वेळ त्या दिवशी लिहिली नाही तर पुन्हा कुठेच मिळत नाही, आणि तिच्याशिवाय पुढच्या एकाही प्रकरणातला हिशेब मांडता येत नाही.